माग न काढताही सोय मिळते

इंटरनेटवरच्या खासगीपणाची चर्चा ठरावीक निमित्तानेच पेटते. कुठून तरी लाखो लोकांची माहिती फुटते, एखादे सरकार नवा कायदा आणते किंवा एखादी बलाढ्य कंपनी आपल्या अटी बदलते. मग दोन पक्ष आपापल्या नेहमीच्या जागा घेतात. एक म्हणतो, निम्मी अ‍ॅप काढून टाका, कुठेही खरे नाव देऊ नका, जे फुकट मिळते त्याची किंमत तुम्ही स्वतः असता. दुसरा म्हणतो, हे अरण्यरुदन आहे, ती वेळ कधीच निघून गेली. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी संगणक कंपनीचे तत्कालीन प्रमुख स्कॉट मॅक्नीली यांनी १९९९ मध्येच पत्रकारांना सुनावले होते की तुम्हाला खासगीपणा तसाही उरलेला नाही, आता त्याचे दुःख करत बसू नका. पाव शतक उलटून गेले तरी वाद तिथेच अडकला आहे. उरलेली समंजस मंडळी ‘दोन्हींत समतोल साधायला हवा’ एवढे बोलून मोकळी होतात.

माझा आक्षेप तिघांवरही आहे. सोय आणि खासगीपणा ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, हे तिघांनीही न तपासता धरून चालले आहे. प्रत्यक्षात तसे नाही. माहिती त्या वेळी, त्या कामापुरती वापरली की बहुतेक सोयी मिळतात. बहुतेक धोके निर्माण होतात ते तीच माहिती साठवून ठेवल्यामुळे आणि दुसरीकडच्या माहितीला जोडल्यामुळे. रस्ता दाखवणाऱ्या नकाशाला तुम्ही आत्ता कुठे आहात हे कळलेच पाहिजे. गेल्या वर्षी तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे गेला होतात हे त्याला कळण्याचे कारण नाही, आणि त्याच्यामार्फत एखाद्या जाहिरात कंपनीला कळण्याचे तर मुळीच नाही. म्हणून ‘किती माहिती द्यायची’ यावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. दिलेली माहिती कुठे राहते, किती दिवस राहते आणि कशाला जोडली जाते, यावर भांडायला हवे.

हे भांडण नवे नाही. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत कुठेही पत्र पाठवायची सोय झाली आणि टपाल सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. चारच वर्षांनी लंडनमध्ये आसरा घेतलेले इटालियन क्रांतिकारक जोसेफ मॅझिनी यांना संशय आला की आपली पत्रे वाटेत फोडली जात आहेत. त्यांनी लिफाफ्यांत खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालून खात्री करून घेतली. प्रकरण संसदेत गेले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमाने पत्रे उघडली जात होती हे बाहेर आले आणि एवढा गदारोळ झाला की टपालखात्यातली गुप्त शाखा त्याच वर्षी बंद करावी लागली. आता विचार करा. पत्र पोचवायचे तर टपालखात्याला पत्ता कळणे भाग आहे. पत्ता सांगितल्याशिवाय सोय नाही. पण म्हणून आतला मजकूर वाचण्याचा हक्क टपालखात्याला मिळतो का? ‘टपाल वापरता ना, मग पत्रे फोडली तर कुरकुर का करता’ असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. आज नेमका हाच युक्तिवाद वेबसाइटच्या बाबतीत केला जातो आणि आपण तो गंभीरपणे ऐकून घेतो.

वेबच्या बाबतीत तर इतिहास जास्तच बोलका आहे. कुकी, म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, ही चीज १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी तयार केली. अडचण साधी होती. वेबसाइटला स्मरणशक्ती नव्हती, त्यामुळे एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर जाईपर्यंत ती विसरून जायची. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा ओळख क्रमांक देऊन टाकणे हा सोपा उपाय होता. तो माँटुली यांनी मुद्दाम टाळला, कारण त्या क्रमांकाच्या आधारे माणसाचा वेबभर माग काढता आला असता. म्हणून कुकी अशी बेतली की जिने ती ठेवली त्याच वेबसाइटला ती परत वाचता यावी. म्हणजे सोय होती आणि तिला कुंपणही होते. मग जाहिरात कंपन्यांना फट सापडली. एकाच कंपनीची जाहिरात हजार वेबसाइटांवर झळकत असेल, तर त्या हजारही ठिकाणी तिची स्वतःची कुकी वाचता येते. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळींना हे दिसत होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २१०९ या दस्तऐवजात अशा परक्या कुकींना मुळातच मज्जाव असावा असे सांगितले होते. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते मनावर घेतले नाही. अ‍ॅपलच्या सफारीने परक्या कुकी सरसकट बंद केल्या त्या २०२० मध्ये. गूगलच्या क्रोमने त्याच वर्षी तसे करण्याची घोषणा केली आणि २०२४ मध्ये ती मागे घेतली. तेव्हा पाळत ही वेबच्या रचनेतच आहे, तिच्याशिवाय वेब चालणार नाही, असे कोणी ठासून सांगितले तर त्याला हा इतिहास दाखवावा. एक दार उघडे राहिले होते. ते बंद करणे ज्यांच्या हातात होते त्यांनी, किंवा त्यांच्या गिऱ्हाइकांनी, त्यातून पैसा केला.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. तो पैशांचाच आहे. शोधयंत्र, नकाशे, ईमेल, व्हिडिओ हे सारे जगातल्या सर्वांत गरीब वापरकर्त्याला आणि सर्वांत श्रीमंत वापरकर्त्याला एकाच दर्जाचे मिळते, तेही विनामूल्य. ज्ञानाच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. पैसे भरणाऱ्यांना खासगीपणा आणि बाकीच्यांना पाळत, अशी व्यवस्था आली तर ती आजच्यापेक्षा वाईट असेल, आणि खासगीपणाचे काही पुरस्कर्ते नकळत तिकडेच निघाले आहेत. हे मला पूर्ण मान्य आहे. पण या मुद्द्यात एक हातचलाखी आहे. फुकट सेवा जाहिरातींवर चालतात हे खरे. जाहिराती पाळतीवर चालतात हे त्यातून कुठे सिद्ध होते? बेंजामिन डे यांनी १८३३ साली न्यू यॉर्कमध्ये ‘सन’ हे वृत्तपत्र एका सेंटला विकायला काढले, तेव्हा बाकीची पत्रे सहा सेंटला मिळत. ती तफावत जाहिरातींनी भरून काढली. पुढे वृत्तपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी या सगळ्यांनी त्याच पैशावर दिवस काढले, आणि कोणता वाचक काल रात्री काय शोधत होता हे त्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. सायकलीवरचा लेख वाचणाऱ्याला सायकलीची जाहिरात दाखवायला त्याची जन्मकुंडली लागत नाही. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनपीओने, २०२० मध्ये आपल्या वेबसाइटांवरच्या माग काढणाऱ्या कुकी बंद केल्या आणि मजकुराला अनुरूप जाहिराती दाखवायला सुरुवात केली. उत्पन्न घटेल अशी भीती होती, प्रत्यक्षात ते वाढले. मधल्या दलालांचा वाटा वाचला, हे त्यामागचे एक कारण.

एनपीओ मोठी, नावाजलेली आणि सरकारी पैशाचा आधार असलेली संस्था आहे, तिचा अनुभव एखाद्या छोट्या संकेतस्थळाला लागू पडेलच असे नाही, हे खरे आहे. पाळत ठेवून दाखवलेल्या जाहिरातीला आज जास्त भाव मिळतो आणि छोट्यांचे काही उत्पन्न त्यावर उभे असते. पण तो जास्तीचा भाव कशाचा आहे? शेजारच्या वेबसाइटवर वाचकाची कुंडली मिळते आणि इथे मिळत नाही, या फरकाचा. कुंडली कुठेच मिळेनाशी झाली तर जाहिरातदार काय जाहिराती देणे बंद करतील? त्यांना माल तर विकायचाच आहे. पैसा कुठे तरी जाणारच, आणि तो मजकूर तयार करणाऱ्यांकडे जास्त आणि कुंडल्या मांडणाऱ्यांकडे कमी जाईल, असे मानायला पुरेसा आधार आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो मांडणारे सगळेच काही विक्रेते नसतात. तो असा की माहिती एकत्र आली तर समाजाचे भले होते. हजारो फोनांच्या हालचालींवरून रस्त्यावरची कोंडी कळते, साथ कुठे पसरते आहे ते कळते, औषधांचे दुष्परिणाम लवकर लक्षात येतात. व्यक्तीच्या हट्टापायी हे सारे गमवायचे का? गमवायचे नाहीच. (या आशेची जाहिरातही जरा जास्तच झाली, हे जाता जाता नोंदवतो. लोक काय शोधतात यावरून फ्लूची साथ ओळखू पाहणारा गूगलचा प्रकल्प २००८ मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाला, २०१२-१३ च्या हंगामात त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीच्या आसपास गेला, आणि पुढे तो गुंडाळला गेला.) पण समूहाबद्दल जाणून घ्यायला प्रत्येकाबद्दल जाणून घ्यावे लागते, ही समजूतच चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचे संख्याशास्त्रज्ञांना निदान १९६५ पासून ठाऊक आहे.

त्या वर्षी स्टॅन्ली वॉर्नर यांनी नाजूक प्रश्न विचारण्याची एक युक्ती मांडली. तिचे आजचे सोपे रूप असे. हजार जणांना विचारायचे आहे, ‘तुम्ही कधी कर चुकवला आहे का?’ प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर खरे उत्तर द्यायचे. काटा आला तर पुन्हा नाणे उडवायचे आणि या वेळी छापा आला तर ‘हो’, काटा आला तर ‘नाही’ म्हणायचे, खरे काहीही असो. आता तुमचे उत्तर ‘हो’ असले तरी तुम्ही कर चुकवला असे कोणालाच म्हणता येणार नाही, ते नाण्याचेही उत्तर असू शकते. पण एकूण हिशेब मात्र लागतो. साधारण पाचशे जण नाण्याच्या हुकमाने बोलले, त्यातले अडीचशे ‘हो’ म्हणाले असणार. एकूण ‘हो’ तीनशे आले असतील तर उरलेले पन्नास हे खरे बोललेल्या पाचशेंमधले, म्हणजे दहा टक्के. समाजाचे उत्तर मिळाले आणि कोणाचेही गुपित फुटले नाही. नाणे किती वेळा खोटे बोलले तर माणूस किती सुरक्षित राहतो, याचे काटेकोर गणित २००६ च्या सुमारास सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, आणि अमेरिकेने २०२० च्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध करताना ते वापरले. यात उणिवा आहेत. छोट्या गटांचे आकडे धूसर होतात, आणि त्या जनगणनेवर याच कारणासाठी टीकाही झाली. पण धूसरपणा किती चालेल ही चर्चा करता येण्याजोगी आहे. ‘सगळे द्या नाहीतर काहीच मिळणार नाही’ ही चर्चाच नव्हे, ती अडवणूक आहे.

करोनाकाळात या दोन्ही वाटा शेजारी शेजारी बघायला मिळाल्या. अ‍ॅपल आणि गूगल यांनी २०२० मध्ये मिळून जी संपर्क-सूचना व्यवस्था बनवली, तिच्यात फोन दर काही मिनिटांनी बदलणारे निरर्थक आकडे ब्लूटूथवरून सोडत. कोणी बाधित निघाले तर ताळा व्हायचा तो तुमच्याच फोनमध्ये, कोण कोणाला भेटले याची यादी कुठेही जमा होत नव्हती. सिंगापूरच्या ट्रेसटुगेदर अ‍ॅपमध्ये मात्र गरजेप्रमाणे सरकारला नोंदी मिळवता येत होत्या, आणि त्या केवळ साथीसाठी वापरू असे लोकांना सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेत सांगण्यात आले की गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांनाही त्या मिळू शकतात. ओरड झाल्यावर महिन्याभरात कायदा करून हा वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला गेला. सिंगापूर सरकारचा हेतू सुरुवातीला वाईट होता असे मी म्हणत नाही. उलट, हेतू चांगला असूनही हे घडले, यातच खरी अडचण आहे. साठा असला की त्याला वाटा फुटतात.

‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणणाऱ्यांचे घोडे इथेच पेंड खाते. ही म्हण एक गोष्ट गृहीत धरते, की काय केलेले चालते आणि काय चालत नाही हे उद्याही आजच्यासारखेच असेल. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदवही अत्यंत शिस्तीने ठेवली जाई. तीत धर्माचीही नोंद असे, कारणे सगळी सौम्य प्रशासकीय. मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि तीच नोंदवही ज्यू नागरिक शोधण्याचे साधन झाली. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी पोलिसांच्या वेशात शिरून अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली, पण बरीचशी कार्डे वाचली. त्या देशातले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. पश्चिम युरोपातल्या इतर व्याप्त देशांपेक्षा हे प्रमाण जास्त होते. कारणे अनेक होती, पण नोंदवही त्यातले एक होते याबद्दल इतिहासकारांत फारसा वाद नाही. ज्यांनी आपला धर्म कारकुनाला सांगितला त्यांनी काय ‘केले’ होते?

इतके टोकाचे उदाहरण कशाला, असे म्हणाल तर एक हलकेफुलके घ्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेले रॉबर्ट बॉर्क यांनी भाड्याने नेलेल्या चित्रपटांची यादी १९८७ मध्ये एका साप्ताहिकाने छापली. यादी अगदीच निरुपद्रवी होती. तरी पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, व्हिडिओ भाड्याच्या नोंदींना संरक्षण देणारा कायदा केला. उद्या आपली यादी छापली जाईल, हे लोकप्रतिनिधींना तत्काळ समजले. लपवण्यासारखे काही नसले तरी दाखवण्याची इच्छा नसू शकते, हे स्वतःवर आले की कोणालाच समजावून सांगावे लागत नाही.

‘पण नावे काढून टाकली की झाले ना?’ नाही होत. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे दोन कोटी शोध खुले केले. नावांऐवजी क्रमांक होते. काही दिवसांत न्यू यॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका क्रमांकामागची बाई तिच्या शोधांवरून हुडकून काढली. जोडलेली माहिती हेच नाव असते.

आता संमतीचा प्रश्न. लोक स्वतःहून ‘मान्य आहे’चे बटण दाबतात, मग तुम्ही कोण त्यांना शहाणपण शिकवणारे? हा मुद्दा ऐकायला लोकशाहीवादी वाटतो. पण लोकांना साधा प्रश्न सरळ विचारला तर ते काय उत्तर देतात हेही आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर ‘या अ‍ॅपला तुमचा इतरत्र माग काढू द्यायचा का?’ असा प्रश्न येऊ लागला, दोन्ही उत्तरे सारख्याच आकारात. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, या बदलाचा आपल्याला सुमारे एक हजार कोटी डॉलरचा फटका बसेल असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने गुंतवणूकदारांना सांगितला. लोकांना पर्वा नसती तर हा आकडा आला असता का? (अ‍ॅपलला यात पुण्यच कमवायचे होते असे नाही, तिचाही जाहिरातींचा धंदा आहे, आणि या व्यवस्थेच्या अंमलबजावणीवरून फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने २०२५ मध्ये तिला दंड केला.) उलट जिथे ‘हो’ एका टिचकीवर आणि ‘नाही’ चार टिचक्यांवर असते, तिथे होकार म्हणजे थकवा. फ्रान्सच्याच माहिती-संरक्षण नियामकाने २०२२ च्या आरंभी नेमक्या याच कारणासाठी गूगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरोंचा दंड जाहीर केला.

संमतीतला याहून मोठा दोष असा की ती तुमची एकट्याची नसते. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरची एक प्रश्नावली भरण्यासाठी अ‍ॅप घेतलेले लोक सुमारे पावणेतीन लाख होते. फेसबुकच्याच अंदाजानुसार ज्यांची माहिती त्यातून गेली असावी ते होते आठ कोटी सत्तर लाखांपर्यंत. बाकीच्यांनी कसलेही बटण दाबले नव्हते, ते फक्त कोणाचे तरी मित्र होते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात कित्येक दशके सापडत नसलेला एक खुनी पकडला गेला, तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या हौसेपोटी दिलेल्या डीएनएवरून. खुनी सापडला हे उत्तमच. पण तुमच्या चुलत चुलत भावाने दाबलेले बटण तुमच्याही शरीरावर चालते, हे त्यातून दिसले. जे निर्णय एकट्याचे नसतात त्यांना आपण एकट्याच्या पसंतीवर सोडत नाही. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडायला काठावरच्या एका माणसाची सही पुरत नाही.

मग कायदा. इथे विरोधकांचा एक टोला मला निमूटपणे सोसावा लागतो. युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि सामान्य माणसाच्या वाट्याला आल्या त्या प्रत्येक पानावर उगवणाऱ्या परवानगीच्या पाट्या. वेबसाइटांनी धास्तीने छोट्या जाहिरात-भागीदारांना रजा दिली आणि गूगलचा सापेक्ष वाटा वाढला, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी असे म्हणावे इतका तो कायदा वाईट नाही, पण त्याची अंमलबजावणी संमतीच्या कागदपत्रांत गुंतून पडली. माझ्या मते नियम थोडे आणि सरसकट असावेत. वेबसाइट-वेबसाइटमधली जोडणी मुळातच बंद, पाटी दाखवूनही उघडता येणार नाही अशी. कामापुरती घेतलेली माहिती काम संपल्यावर पुसायची मुदत कायद्यात लिहिलेली. अपवाद मोजके आणि नावानिशी. उदाहरणार्थ, खात्यातून भलताच व्यवहार झाला तर बँकेने इशारा द्यावा असे वाटत असेल, तर नेहमीचे व्यवहार कसे असतात हे तिला लक्षात ठेवावेच लागेल. इथे सोय आणि स्मरण खरोखरच वेगळे करता येत नाहीत. पण म्हणून ते स्मरण जाहिरातीसाठी विकता येऊ नये, एवढे तरी लिहून ठेवता येते.

या नियमांना एक मोठे भगदाड राहते, ते झाकून उपयोग नाही. वेबसाइटांमधली जोडणी बंद केली की ज्याच्या एकाच छपराखाली शोधयंत्र, नकाशे, व्हिडिओ आणि ईमेल आहे त्याला बाहेरून काही जोडावेच लागत नाही. क्रोममधून परक्या कुकी काढण्याच्या योजनेला गूगलच्या स्पर्धकांनी विरोध केला तो या भीतीने, आणि ती भीती अनाठायी नव्हती. म्हणून भिंती घराच्या आतही हव्यात. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये हे करून पाहिले. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि बाहेरच्या वेबसाइटांवरून येणारी माहिती लोकांच्या स्वेच्छेच्या संमतीशिवाय फेसबुकच्या खात्याला जोडायची नाही, आणि जोडू दिली नाही म्हणून सेवा नाकारायचीही नाही, असा तो आदेश होता. कंपनी न्यायालयात गेली. बाजारातल्या वर्चस्वाची चौकशी करताना स्पर्धा नियामकाला माहिती-संरक्षणाचे नियमही तपासता येतात, असा निकाल युरोपीय न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला. प्रकरण मिटायला २०२४ उजाडले. तेव्हा कुठे वापरकर्त्याला ही खाती वेगळी ठेवण्याचा पर्याय धडपणे मिळाला. त्या आदेशाने ना निरोप पाठवणे थांबले, ना फोटो टाकणे.